गाणं म्हणजे आयुष्याची पावती नव्हे

२०२३ च्या एप्रिलअखेरीस शाहीर साबळ्यांवरचा ‘महाराष्ट्र शाहीर’ लागला, तेव्हा आम्ही घरचे सहा जण जळगावला जाऊन तो पाहून आलो. शाहीर साबळे साताऱ्याकडचे, वाईजवळच्या पसरणीचे. पण शाळकरी वयात ते आजोळी अमळनेरला राहिले आणि तिथे त्यांना साने गुरुजींचा सहवास मिळाला. पडद्यावर तो भाग सुरू झाला तसे माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा नातवाला कोपराने ढोसून म्हणाले, “हे आपलं अंमळनेर बरं का!” पोरगा तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली ती पुढे खाली घातली नाही. सिनेमा सुटल्यावर जिन्यात त्याच पोराच्या तोंडात शाहिरांच्या गाण्याची एक ओळ होती. सूर चुकत होता, शब्द बरोबर होते.

चरित्रात्मक संगीतपटाची बाजू घ्यायची तर मी या जिन्यातूनच घेईन. गाणाऱ्या माणसाचं चरित्र पुस्तकात वाचलं की त्याची गावं, सालं, मानसन्मान कळतात, पण गाणं कळत नाही. ते कानावरच पडावं लागतं. लेखकावर सिनेमा काढला तर त्याचं लिखाण पडद्याबाहेर राहतं. गायकावर काढला तर त्याचं काम प्रेक्षकाच्या समोर प्रत्यक्ष घडतं. एवढी मोठी सोय दुसऱ्या कुठल्याच चरित्रपटाला नाही. म्हणून हा प्रकार टाकाऊ आहे, नुसती आठवणींची विक्री आहे, असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. मात्र याच सोयीत त्याचा सगळ्यात मोठा दोष लपलेला आहे, आणि त्याबद्दल खानदेशात बसून बोलायला माझ्याकडे खास कारण आहे.

कारण आहे बहिणाबाई चौधरी. आमच्याकडे चार माणसं सिनेमावर बोलायला बसली की कुणीतरी म्हणतंच, “बहिणाबाईंवर एक मोठा संगीतपट व्हायला पाहिजे.” मलाही वाटतं. पण तो कसा होईल हे डोळ्यांसमोर आणलं की काळजी वाटते.

आधी या प्रकाराने मराठीत काय कमावलंय ते सांगते, कारण आपल्याला हा प्रकार काही परदेशातून शिकायचा नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची जगातल्या उत्तम चित्रपटांत गणना झाली. आजही तो लावला तर पहिल्या दहा मिनिटांत माणूस त्यात बसतो. का बसतो? माझ्या मते जिजाईमुळे. पागनीस गातात तेव्हा ते गाणं हवेत तरंगत नाही. त्याच घरात चूल आहे, उपाशी पोरं आहेत आणि गौरीने उभी केलेली ती कातावलेली, तोंडाळ, जीव लावणारी बायको आहे. पोरगं आजारी पडल्यावर ती थेट देवळात शिरून विठ्ठलालाच फैलावर घेते. अभंगाला तोलून धरणारं असं वजन समोर असल्यामुळे अभंग खरा वाटतो. शिवाय सालोमालो आहे, तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. तेच शब्द त्याच्या तोंडी आले की कसे पोकळ होतात, हे दिग्दर्शकांनी नुसतं ऐकवून दाखवलंय. गाणं कुणाच्या पोटातून येतं याने फरक पडतो, ही गोष्ट एकाही संवादाशिवाय कळते. संगीतपटालाच हे जमतं.

याच सिनेमातली दुसरी गोष्ट मात्र विचारात पाडते. ‘आधी बीज एकले’ हे गाणं तुकोबांचं नाही. ते शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलं. ते इतकं बेमालूम उतरलं की भल्याभल्यांना तो मूळ अभंगच वाटला. आजही भजनी मंडळात कुणी तो तुकोबांचा म्हणून लावतं. आठवल्यांच्या लेखणीपुढे मी हात जोडते. पण तुकोबांची गाथा छापलेली होती, म्हणून शंका आलेल्याला शोधून पाहता आलं. जिथे मूळ ठेवा थोडका आहे आणि तोही दुसऱ्याच्या वहीतून आपल्यापर्यंत आलाय, तिथे सिनेमाने घातलेली एक ओळ कायमची मुळात मिसळून जाईल. पडद्याची ताकद एवढी आहे म्हणून त्याच्यावर जबाबदारीही तेवढी आहे.

आता दोषाकडे येते. गायकांवरच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात एक प्रसंग ठरलेला असतो. आयुष्यात काहीतरी घडतं, माणूस गप्प होतो, खिडकीबाहेर पाहतो आणि पुढच्या क्षणी प्रसिद्ध गाण्याची पहिली ओळ त्याच्या ओठांवर येते. आपण प्रेक्षागृहात हळूच म्हणतो, “अच्छा, हे असं सुचलं होय!” दुःख झालं की दुःखाचं गाणं, प्रेम झालं की प्रेमाचं. दुकानदार माल देऊन पावती फाडतो तसं आयुष्य गाण्याची पावती फाडत जातं. मला हे खोटं वाटतं, आणि नुसतं खोटं नाही, गाणाऱ्याचा अपमान करणारं वाटतं. त्यात त्याची तालीम दिसत नाही, ऐकलेलं-पचवलेलं दिसत नाही, पन्नास वेळा फसलेलं दिसत नाही. गाणं म्हणजे जणू शिंक, आली की आली.

मग गाणं आणि प्रसंग जुळवण्यासाठी सालं वाकवली जातात. ब्रिटिश रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीवरचा ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ २०१८ चा, चार ऑस्कर मिळालेला. त्यात १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडच्या मैफलीआधीच तो साथीदारांना आपल्या एड्सच्या आजाराबद्दल सांगतो. बहुतेक चरित्रकार निदानाचं साल १९८७ सांगतात. दोन वर्षं मागे ओढली की शेवटच्या मैफलीतला प्रत्येक सूर आपोआप मरणाच्या सावलीत ऐकू येतो. ती वीस मिनिटं मी श्वास रोखून पाहिली, हे खरं आहे. पण नंतर साल कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. त्या मैफलीत तो माणूस निव्वळ अफाट गायला होता. त्याला आजाराच्या ठिगळाची गरज नव्हती.

आपल्याकडे ‘बालगंधर्व’ने (२०११) हा मोह बऱ्यापैकी आवरला. मानापमानाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १९११ मध्ये, नारायणरावांचं, म्हणजे बालगंधर्वांचं, तान्हं मूल गेलं आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले, हा प्रसंग कुणाही पटकथाकाराच्या तोंडाला पाणी आणेल. सिनेमातही तो आहे. पण तिथे दुःखातून गाणं जन्मत नाही. गाणं आधीच ठरलेलं आहे, चाल बांधलेली आहे, प्रेक्षक तिकीट काढून बसलेत. माणसाला दुःख बाजूला सारून ते गावं लागतं. हा क्रम खऱ्या कलावंताच्या आयुष्याला धरून आहे. आनंद भाट्यांनी ती पदं गायली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तो योग्यच. ‘मी वसंतराव’मध्येही (२०२२) मला सगळ्यात आवडलं ते मैफलींपेक्षा गायक वसंतराव देशपांड्यांचं लष्करी हिशेब खात्यातल्या कारकुनीत अडकलेलं आयुष्य. गळ्यात एवढं गाणं असलेला माणूस वर्षानुवर्षं आकडे मांडत बसतो आणि गाणं त्यातूनही मरत नाही, ही खरी गोष्ट आहे.

हे सगळं मनात ठेवून बहिणाबाईंकडे या. जन्म २४ ऑगस्ट १८८०, जळगावजवळच्या असोद्याचा, महाजनांच्या घरातला. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या वाड्यात आल्या. तिशीत वैधव्य. ओंकार हा मुलगा प्लेगने अधू झाला. लिहिता-वाचता येत नव्हतं. ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आता हे सांगाडे हातात घेऊन कुणीही नेहमीच्या वाटेने जाणारा पटकथाकार काय करेल? नवरा गेला की कुंकवावरचं गाणं. ओंकार आजारी पडला की देवाला साद. भाकरी थापताना बोट भाजलं की ‘संसार संसार’. दोन तास अश्रू, मग शेवटी अत्र्यांच्या टेबलावर वही, डोळे पाणावलेले आणि ‘बावनकशी सोनं’. सगळं टॉकीज रडेल. आणि बहिणाबाई मात्र त्यातून निसटलेल्या असतील.

कारण त्यांचं पुस्तक उघडून नुसती शीर्षकं चाळा. पेरनी. कापनी. उपननी. मोट. घरोट. त्यांच्या गाण्यांचा केवढा मोठा भाग कामाचा आहे! आयुष्यात काय घडलं यापेक्षा हातात काय होतं यावर ती गाणी उभी आहेत. उपणताना वाऱ्याला घातलेली साद ही कुठल्या प्रसंगाची पावती? खळ्यावर धान्य आहे, वारा पडलाय, भुसा उडत नाहीये, एवढाच प्रसंग. असा प्रसंग दर सुगीला येतो आणि खानदेशातल्या प्रत्येक शेतकरणीच्या वाट्याला येतो. त्याला नाट्य कुठून आणणार? म्हणून तो कापला जाईल. आणि कवितेतलं सगळ्यात कसदार तेच कापलं गेलं असेल. शिवाय बहुतेक गाण्यांना तारीखच नाही. कुठलं गाणं वैधव्याआधीचं, कुठलं नंतरचं, हे छातीठोकपणे सांगून त्यावर दृश्य उभं करणं म्हणजे थापा मारणं आहे.

बहिणाबाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय की घरोट्यातून पीठ पडावं तसं आपलं गाणं पोटातून ओठावर येतं. आम्ही जात्याला घरोटा म्हणतो. ज्याने तो ओढला नाही त्याला ही निव्वळ गोड उपमा वाटेल. माझी मोठी आत्या यावल तालुक्यात असते. तिच्या ओसरीच्या कोपऱ्यात अजून घरोटा आहे. एरवी त्याच्यावर पोती रचलेली असतात, लग्नसराईत हळद दळायला तो मोकळा होतो. मागे एकदा मी तिला म्हटलं, “आत्या, दळणावरची गाणी म्हण ना, मी मोबाइलवर भरून घेते.” ती पलंगावर बसली, पदर सारखा केला, दोन ओळी म्हणाली आणि अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. शेवटी वैतागून म्हणाली, “अवं पोरी, हात रिकामे ठेवून कुठं गानं येतं?”

मग आम्ही पोती बाजूला केली. ती एक पाय पसरून बसली, उजवा हात खुंट्यावर, डाव्या हाताने घास टाकायला लागली. आणि गाणं आलं. एकामागून एक सतरा ओव्या. मी त्या दिवशी जे ऐकलं ते कुठल्याही ध्वनिमुद्रिकेत ऐकलेलं नाही. ओळ घरोट्याच्या एका फेऱ्यात बसते. ओढताना, हात लांब जातो तिथे, आवाज चढतो आणि किंचित फाटतो. खुंटा अंगाकडे आला की स्वर सैल पडतो. घास टाकायचा असेल तर ओळ मध्येच थांबते, दाणे पडतात, मग राहिलेले दोन शब्द येतात. ज्वारी जाड पडली तर लय जड होते. म्हणजे चाल तिच्या गळ्यात कमी आणि दगडात जास्त होती. हीच ओवी स्टुडिओत बासरी आणि व्हायोलिन घालून, गुळगुळीत गळ्याने गायली की ती सुंदर होते. आणि ती थांबण्याची जागा नाहीशी होते. तीच जागा तर बाईच्या श्वासाची होती.

बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, वसंतरावांच्या मैफली आहेत. नव्या गायकाला समोर ठेवायला मूळ आवाज आहे. बहिणाबाईंचा आवाज आपण कुणी ऐकलेला नाही. आपल्याला जी चाल त्यांची वाटते ती चित्रपटाने आणि आकाशवाणीने दिलेली आहे. १९६१ च्या ‘मानिनी’त त्यांची गाणी आली आणि घरोघर पोचली, त्याबद्दल मी त्या सिनेमाचे उपकारच मानते. माझ्या आईने बहिणाबाई तिथूनच ऐकल्या. पण नवा संगीतपट काढणाऱ्याने पुन्हा त्याच गोडव्याची उजळणी करू नये. घरोट्याची घरघर, मोटेच्या चाकाचं करकरणं, सुपाचा आवाज, हे वाद्यवृंदाच्या मागे दबकत ठेवू नका. त्यांनाच वाद्य करा.

आणि बोली. इथे मी हट्टाने उभी राहणार आहे. बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्यांचे डोये, केळीची केयी. पुस्तकात ‘तव्हां मियते भाकर’ आहे. महाराष्ट्राच्या तोंडी ‘मिळते’ बसलंय. एका अक्षराने काय बिघडतं, असं मला एका ओळखीच्या संगीतशिक्षकांनी विचारलं होतं. बिघडतं असं, की ‘मियते’ म्हणताना जीभ टाळूला लागत नाही, शब्द सरकत पुढे जातो आणि ओळ हलकी राहते. ‘मिळते’ने ती अडखळते. चाल बांधणाऱ्याला तरी हे कळायला हवं. दुसरं दुखणं जुनं आहे. मराठी पडद्यावर आमची बोली आली की बहुतेक वेळा ती हशा पिकवायला आलेली असते. नायिकेने गंभीर व्हायचं ठरवलं की ती पुण्याच्या भाषेत बोलायला लागते. बहिणाबाई जर पडद्यावर लेकराला आमच्या बोलीत हाक मारून गाणं मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं गाणार असतील, तर तो सिनेमा त्यांच्यावरचा नाही.

प्रेक्षकांना कळणार नाही, ही सबब आता चालत नाही. २०२४ च्या ‘अमरसिंग चमकीला’मध्ये या पंजाबी गायकाची गाणी पंजाबीतच ठेवली, दिलजित दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी ती स्वतः गायली, आणि गोष्ट पुढे नेणारी नवी गाणी वेगळी, हिंदीत केली. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ऐकताक्षणी कळतं. ‘आधी बीज एकले’ने जो घोळ झाला तो टाळायचा हा किती सरळ मार्ग आहे! सिनेमाला लागणारं स्वतःचं गाणं नव्या कवीकडून, नव्या भाषेत लिहून घ्या. बहिणाबाईंच्या ओळींना एकही शब्द जोडू नका.

घरच्या माणसांनी सिनेमा करावा का, हाही वाद असतो. ‘महाराष्ट्र शाहीर’चे दिग्दर्शक केदार शिंदे शाहिरांचे नातू, ‘मी वसंतराव’मध्ये आजोबा साकारणारे आणि गाणारे राहुल देशपांडे वसंतरावांचे नातू. रक्ताच्या माणसाला जे ठाऊक असतं ते बाहेरच्याला नसतं; पण आजोबांचे पाय मातीचे दाखवताना नातवाचा हात थरथरणारच. मी याला सरसकट दोष म्हणत नाही. बहिणाबाईंच्या बाबतीत तर घरचा माणूस टाळताच येत नाही, कारण आपल्याला त्या मिळाल्या त्याच मुलाच्या, सोपानदेवांच्या, आणि त्याच्या मावसभावाच्या टिपणांतून. या गोष्टीतलं खरं नाट्य मला तिथे दिसतं. मी पटकथा लिहिली तर एक दृश्य नक्की ठेवीन. आई कामात गातेय, मुलगा कागद घेऊन बसलाय. तो म्हणतो, पुन्हा म्हण. ती पुन्हा म्हणते, आणि दुसऱ्यांदा ओळ वेगळी येते. मुलाच्या हातातली पेन्सिल थबकते. कुठली ओळ खरी? त्याने कुठली लिहायची? आणि जी लिहिली नाही ती कुठे गेली? असं दृश्य जो दिग्दर्शक मन लावून दाखवेल, त्याला चरित्रातली बाकी चार वर्षं गाळली तरी मी माफ करीन.

सिनेमा निघेल तेव्हा निघेल. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, तेव्हा अशा विषयाला बोलीच्या तालमीसाठी वेगळी तरतूद असावी ही मागणी गैर नाही. पण त्याच्या आधीचं एक काम कुणाच्या अनुदानाची वाट पाहू शकत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यातल्या पुष्कळ पुणे जिल्ह्याकडच्या. आमच्याकडच्या घरोट्यांसाठी तसंच, तेवढ्याच चिकाटीचं काम हवंय. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. असोदा, भादली, यावल, रावेर, फैजपूर इथल्या सत्तरी ओलांडलेल्या बायका घरोट्यावर बसवून त्यांचा आवाज भरून घेणं, हे काम त्या नावाला शोभेल. उद्या एखादी अभिनेत्री बहिणाबाई व्हायला आली तर तिच्या कानात घालायला आपल्याकडे खरे आवाज असतील. नसले तर ती जुनी रेकॉर्ड ऐकेल आणि तीच गोडी पुन्हा गाईल.

माझी आत्या ८१ वर्षांची आहे. या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिच्याकडे चार दिवस राहायला जाणार आहे. भाचा नवा रेकॉर्डर देतोय, मोबाइलवर खरखर फार येते म्हणून. सोबत पाच किलो दादर ज्वारी नेणार आहे, कारण रिकामा घरोटा ओढायला ती तयार नाही.